भिंतीतला मुकादम

आमच्या मजल्यावरचा दिवा माणूस हलला तरच जळतो. माणूस आला की आपोआप लागतो आणि गेला की आपोआप विझतो, असं बिल्डरच्या माणसानं फ्लॅट दाखवताना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. पण माणूस आहे आणि हलत मात्र नाही, असं झालं तर दिव्याच्या लेखी तिथं कुणीच नसतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं. ते आम्हाला वाघमारे अण्णांमुळे कळलं.

अण्णांचा फ्लॅट आमच्या समोरचा. रोज सकाळी ते दारापुढच्या पॅसेजमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. घरच्या गॅलरीत चांगला उजेड होता, पण गॅलरीत बसलं की माणसं दिसत नाहीत, नुसत्या दुसऱ्यांच्या गॅलऱ्या दिसतात, असं त्यांचं म्हणणं. वाचायचे इतके मन लावून की अंगातलं काही हलायचं नाही. थोड्या वेळानं दिवा विझायचा. मग अण्णा पेपरातून डोकं न काढता उजवा हात वर करायचे, वर्गात मुलं करतात तसा. दिवा लागायचा. ‘हजर,’ अण्णा म्हणायचे आणि पुढची ओळ वाचू लागायचे. त्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. हजेरी घेण्यात माझी उमर गेली, पण एवढ्या निमूटपणे हजेरी देणारा विद्यार्थी मला कधी मिळाला नाही.

अण्णा मूळचे धाराशिवकडचे. मिसरूड फुटायच्या आत पिंपरीला आले आणि एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये लागले. तिथं पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे काम असे. त्यांचं अर्धं बोट त्या प्रेसनंच नेलं होतं, पण त्याची गोष्ट ते कधी सांगायचे नाहीत. कारखान्यातून निवृत्त झाले तरी कारखाना काही त्यांच्या तोंडातून निवृत्त झाला नाही. दुपारची झोप म्हणजे त्यांचा ‘वीकली ऑफ’. मॉलमध्ये हिंडणं, लग्नात फोटोसाठी ताटकळणं, सोसायटीची मीटिंग, हे सगळं ‘बिनपगारी’. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, तिच्याबद्दल एवढंच म्हणायचे, ‘आमच्या मंडळींची शिफ्ट आधी सुटली.’ हे म्हणताना हसायचे, आणि मग उगाच शर्टाची कॉलर नीट करायचे. शर्ट कायम इस्त्रीचा. घरात बसायलासुद्धा.

त्यांचे जिवलग म्हणजे बबननाना. नाना रहाटणीतल्या जुन्या शेतकरी घरातले. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एके काळी त्यांचीच. जमीन असूनही नाना तरुणपणी कारखान्यात लागले, कारण चुलत्यांशी त्यांचं पटत नव्हतं, आणि तिथं त्यांना शेजारच्या प्रेसवर अण्णा भेटले. आता नाना आमच्या मागच्या गल्लीत स्वतःच्या बंगल्यात राहतात. लिफ्टमध्ये शिरले की दर वेळी सांगतात, ‘हितं आमची हीर व्हती.’ म्हणजे आम्ही सगळे रोज नानांच्या विहिरीतून वरखाली करतो. विहीर बोलत तरी नव्हती, ही लिफ्ट बोलते. बाईच्या आवाजात ती दार बंद करायला सांगते आणि नाना तिला ‘व्हय व्हय, करतो’ असं उत्तर देतात.

या दोघांच्या गप्पांत एक विषय हमखास निघायचा, कार्ड मारण्याचा. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा कंपनीच्या गेटवर एक मोठं घड्याळ असे आणि प्रत्येक कामगाराचं एक जाड कार्ड. ते घड्याळाच्या फटीत घातलं की खटकन आवाज होऊन त्यावर वेळ उमटे. ती वेळ उमटली म्हणजे तुम्ही हजर. कुणाला घरी अडचण असली आणि रजा मिळत नसली, की मित्र स्वतःच्या कार्डाबरोबर त्याचंही कार्ड मारायचा, आणि दिवसभर त्याचं काम बाकीचे उचलायचे. सापडलं तर दोघांचीही नोकरी जायची. म्हणून नियम एकच होता. ज्यानं कार्ड मारलं त्यानं तोंड उघडायचं नाही. पुढं कितीही वर्षं गेली तरी नाही.

‘बबननं माझं कार्ड एकदा मारलंय, बाई,’ अण्णा मला म्हणाले होते. ‘कवा आणि कशासाठी, ते मात्र विचारू नका.’

मी विचारलं नाही. नाना शेजारी बसून दाढी खाजवत छताकडे बघत होते.

पुढे कारखाना चाकणला गेला आणि अण्णांची शेवटची वर्षं तिथं, कंपनीच्या बसनं येण्याजाण्यात गेली. तिथं कार्ड नव्हतं, अंगठ्याचं मशीन होतं. आणि पत्रा हाताळून हाताळून अण्णांच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. मशीन त्यांना ओळखायचं नाही. माणूस मशीनसमोर उभा, मागे रांग खोळंबलेली, आणि मशीन म्हणतंय की पुन्हा प्रयत्न करा. महिनाअखेरीला त्यांच्या नावावर गैरहजेरी लागायची आणि ते ऑफिसात जाऊन मी आलो होतो हो, असं सांगत बसायचे. ‘अंगठेबहाद्दर राहू नये म्हणून बापानं मला शाळेत घातलं,’ ते म्हणायचे, ‘आणि शेवटी साहेबानं अंगठाच मागितला. तो बी चालला नाही.’ हे सांगताना ते इतके छान हसायचे की आपणही हसायचो. पण आपण तिथं होतो आणि नोंद झाली नाही, हे त्यांना खोलवर लागलं होतं. जिथं जातील तिथं नोंद करायची त्यांना सवयच लागली. माझ्याकडे चहाला आले तरी दारातूनच म्हणायचे, ‘बाई, वाघमारे आला.’

अण्णांचा एकुलता एक मुलगा मिलिंद. हुशार, मायाळू, आणि बापासारखाच टापटीप. तो बंगळूरला असतो. घरातल्या वस्तूंना शहाणं करायचं, हे त्याचं काम. म्हणजे दार, नळ, फ्रिज, दिवे यांच्यात नखाएवढी यंत्रं बसवायची आणि ती एकमेकांशी आणि फोनशी बोलत राहतील असं बघायचं. आई गेल्यावर त्यानं अण्णांना बंगळूरला नेऊन पाहिलं. अण्णा महिनाभर राहिले आणि परत आले. तिथं सगळंच बिनपगारी आहे म्हणाले. मग मिलिंद एका सुट्टीत खोकी घेऊन आला आणि त्यानं अण्णांचं घर शहाणं केलं. कॅमेरा एकही नाही, हे त्यानं अण्णांना पुन्हा पुन्हा सांगितलं. दार उघडलं, खोलीत कुणी फिरलं, नळ सोडला, फ्रिज उघडला, चहाची इलेक्ट्रिक किटली लावली, एवढंच त्याला कळणार. हे सगळं नेहमीच्या वेळी नेहमीसारखं झालं, की त्याच्या फोनवर हिरवा ठिपका येणार. काही वेगळं घडलं तर नारिंगी. अण्णांनी काही करायचं नाही, काही दाबायचं नाही. हे घरात आहे हेच विसरून जायचं.

विसरणं अण्णांना जमलं नाही. इतकी वर्षं मुकादमाच्या नजरेखाली काम केलेला माणूस. त्यांनी या सगळ्या प्रकाराला नावच ठेवलं, मुकादम. ‘भिंतीत मुकादम बसलाय आमच्या,’ ते येईल त्याला सांगायचे. बाहेर पडताना रिकाम्या घराकडे बघून म्हणायचे, ‘निघालो रे.’ कॅमेरा नाही हे माहीत असून कपडे बदलायला मात्र कपाटाच्या दाराआड जायचे. चहा त्यांना पातेल्यात उकळलेला लागे, किटलीतलं पाणी त्यांच्या मते फक्त दाढीला बरं. पण यंत्र किटलीत होतं. म्हणून रोज सकाळी ते आधी किटलीभर पाणी उकळायचे, मग पातेल्यात स्वतःचा चहा करायचे, आणि किटलीतलं पाणी गार झालं की गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालायचे. कढीपत्ता जोमात होता. मी त्यांची खूप चेष्टा केली यावरून. मुकादमाला खोटं काम दाखवता म्हटलं. ते म्हणाले, ‘बाई, काम खोटं नाई. पाणी खरंच उकळतंय.’

आम्ही हसलो तेव्हा. या घरात माणसानं यंत्राची सोय बघायला सुरुवात केली आहे, एवढं त्यात दिसत होतं, पण ते विनोदाच्या कपड्यात होतं.

मग हुरड्याचा प्रसंग झाला. थंडीचे दिवस होते. नानांची बहीण खेडजवळच्या गावात दिलेली. तिच्या शेतावर हुरडा पार्टी ठरली आणि नानांनी अण्णांना स्कूटरवर घालून नेलं. संध्याकाळी परतायचं होतं. पण बहिणीनं आग्रह केला, शेकोटी पेटली, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि दोघं तिथंच राहिले. अण्णांचा साधा बटणांचा फोन चार्जिंग संपून बंद पडला होता. नानांना आपला फोन कुठं ठेवलाय हेच आठवत नव्हतं. इकडं घर अंधारात, दार बंद, नळ बंद. मिलिंदच्या फोनवर नारिंगी ठिपका. त्यानं मला फोन केला. मी बघितलं, कुलूप होतं, तसं सांगितलं. वॉचमनला सकाळी गेटबाहेर जाताना दिसले होते, पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. मिलिंदनं विमान पकडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खांद्यावर हुरड्याची पिशवी टाकून लिफ्टमधून बाहेर आले, तेव्हा मिलिंद जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी दारातच होते. मला वाटलं आता हा ओरडणार. तो ओरडला नाही. उठला, बापाच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, त्यांच्याच किल्लीनं दार उघडून आत गेला आणि कॉटवर बसून लहान पोरासारखा रडला. अण्णा उंबऱ्याशीच उभे राहिले. त्यांना आत जावंसं वाटेना.

ते एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण मिलिंद परत गेल्यावर नातीचा फोन आला. तिनं निरागसपणे विचारलं, आजोबा, तुम्ही हरवला होतात का, आणि सांगून टाकलं की त्या दिवशी तिचा वाढदिवस होता आणि बाबा केक कापायच्या आधीच निघून गेले. अण्णा पॅसेजमध्ये येऊन बसले. पेपर मांडीवर तसाच. दिवा विझला, पण त्यांनी हात वर केला नाही. मी माझ्या घरातून बाहेर आले तेव्हा माझ्यामुळे दिवा लागला आणि ते दिसले.

त्यानंतर त्यांनी गैरहजेरी केली नाही. गावाकडची लग्नं सोडली. नाना कुठं चला म्हणाले की ते विचारायचे, किटलीच्या वेळेपर्यंत परत येऊ ना? ताप असला तरी उठून ठरल्या वेळी नळ सोडायचे, खोल्यांतून फेरी मारायचे, फ्रिज उघडून लावायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, अण्णा, मिलिंदला सांगा आणि हे काढून टाका. त्यांनी चष्मा पुसला.

‘बाई, तिकडं पोरगं डोळे उघडल्या उघडल्या आधी माझं हिरवं बघतंय. ते दिसलं की मग दात घासतंय. सून सांगत होती. आता तुम्हीच सांगा, कसं काढू?’

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, ‘फकस्त एक झालं. आधी रोज फोन करून विचारायचा, जेवलात का. आता त्याला माहीतच असतंय.’

रोजचा फोन खरोखर रविवारवर आला होता. यात मिलिंदचा काही दोष होता असं मी म्हणणार नाही. बाप उठला, बापानं चहा केला, फ्रिज उघडला, हे त्याला दिसत होतं. ज्याची खात्री आहे ते माणूस विचारत नाही. अण्णांना तो प्रश्न हवा होता, उत्तर त्यालाच काय, सगळ्या घराला ठाऊक असलं तरी. पण हे मुलाला सांगायचं म्हणजे तक्रार झाली असती, आणि तक्रार करणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी राजगुरुनगरला होते. सांगते आहे ते नानांनी मागाहून सांगितलेलं.

अण्णांच्या छातीत दुखायला लागलं ते दुपारी, नाना समोर बसलेले असताना. नानांनी रिक्षा केली आणि चिंचवडच्या एका दवाखान्यात नेलं. नातं काय असं तिथं विचारलं, तर नानांनी सांगितलं, भाऊ. आत नेण्याआधी अण्णांनी खिशातून घराची किल्ली काढून नानांच्या हातात ठेवली. ‘बबन, माझं कार्ड मार,’ म्हणाले. एक-दोन दिवसांत सोडतील, कळवलं तर पोरगं पुन्हा सगळं टाकून पळत येईल, त्याला घरी जाऊन मीच सांगतो. नानांनी किल्ली मुठीत धरली. या दोघांत याच्यापेक्षा जास्त बोलायची कधी गरज पडली नव्हती.

आणि नानांनी कार्ड मारलं. अगदी मन लावून. रोज सकाळी अण्णांच्या वेळेला दार उघडायचं, नळ सोडायचा, फ्रिज उघडून लावायचा, आतल्या खोलीत फेरी मारायची, किटली लावायची. पाणी गार झालं की कढीपत्त्याला. संध्याकाळी पुन्हा एक चक्कर. घरात कुणीतरी फिरतंय एवढं त्या यंत्रांना कळत होतं. कोण फिरतंय हे कळायची सोय त्यांच्यात नव्हती. मिलिंदच्या फोनवर सगळे दिवस हिरवे उमटले.

मधल्या रविवारी मिलिंदचा फोन आला, तो अण्णांनी दवाखान्याच्या खाटेवरून घेतला. आवाज बसलाय म्हणाले, थंडीचा. मिलिंद गडबडीत होता, घरी पाहुणे होते. जेवलात का, हे त्यानं विचारलं नाही, कारण थोड्या वेळापूर्वीच फ्रिज उघडला होता. फोन ठेवल्यावर अण्णा नानांना म्हणाले, चांगलं चाललंय पोराचं. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उद्या सोडू, असं डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

उद्याची सकाळ झाली तेव्हा नाना अण्णांच्या स्वयंपाकघरात होते. किटलीतलं पाणी उकळत होतं. त्यांच्या खिशातला फोन वाजला तो दवाखान्याचा होता.

मी बातमी कळताच आले. मिलिंद दुपारच्या विमानानं आला. त्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, माणसं येत होती, जात होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भिक्खू आले, वंदना झाली, आणि संध्याकाळी घर रिकामं झालं. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत मिलिंद आणि नाना समोरासमोर बसले होते. कोपऱ्यात बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती होती. मी कप ठेवले आणि निघणार, तेवढ्यात मिलिंद बोलला. आवाज चढलेला नव्हता.

‘नाना, त्या दिवशी सकाळी मी हिरवं बघितलं. किटली लागली तेही बघितलं. मग मी मीटिंगला गेलो. ते तुम्ही होतात?’

‘व्हय,’ नाना म्हणाले.

‘एक फोन का नाही केलात?’

नानांनी धोतराचा सोगा मुठीत घेतला. ‘त्यानं कार्ड मार म्हनलं, मिलिंदा. आमच्यात कार्ड मारलं की बोलायचं न्हाई.’

‘हे काय कंपनीचं कार्ड होतं, नाना?’

‘न्हाई. कंपनीचं बी मारलंय. एकदाच.’ नाना तसबिरीकडे बघत होते. ‘तू झालास त्या दिवशी. तुजी आई लई अडली व्हती. साहेब रजा देईना. मी म्हनलं, जा तू, मी बगतो. त्याचं कार्ड मी मारलं आन त्याची प्रेस बी मीच चालवली. कंपनीच्या लेखी तुजा बाप दिसभर प्रेसवर व्हता. खरा तुज्यापाशी व्हता.’

मिलिंदनं समोरचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, ‘आई सांगायची, मला पहिल्यांदा अण्णांनीच हातात घेतलं. मला वाटायचं त्यांना रजा मिळाली असेल.’

‘रजा कुठली,’ नाना म्हणाले, आणि इतके दिवस आवरून धरलेला तो दणकट म्हातारा धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडू लागला. मिलिंद उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसला. मी दार ओढून घेतलं.

या सगळ्यात वाईट माणूस एकही नाही. मला ही गोष्ट पचत नाही ती यामुळेच. कुणावर तरी राग काढता आला असता तर बरं झालं असतं. बापाला मुलाची धावपळ नको होती, मुलाला बापाची काळजी होती, मित्रानं दिलेला शब्द पाळला. घरानंही जे पाहिलं तेच कळवलं. आणि एवढी सगळी माया असून शेवटच्या सकाळी अण्णांपाशी त्यांचं माणूस कुणी नव्हतं. याची हळहळ मला अजून आहे आणि ती जाईल असं वाटत नाही.

जाण्याआधी मिलिंदनं घरातली यंत्रं काढायला घेतली. दाराच्या चौकटीतलं निघालं, नळाचं निघालं, फ्रिजमागचं, किटलीच्या प्लगातलं निघालं. आतल्या खोलीतलं एक काही केल्या सापडेना. तो कपाटामागे, खिडकीच्या पडद्यांत, पंख्याच्या वाटीत शोधत राहिला. ‘मीच बसवलंय,’ मला म्हणाला, ‘अण्णांना दिसू नये म्हणून इतकं छान लपवलं की मलाच आठवत नाही.’ शेवटी त्यानं ते तसंच ठेवलं.

फ्लॅट अजून बंदच आहे. विकायला मिलिंदचं मन होत नाही. किल्ली नानांकडे असते. कढीपत्त्याची कुंडी मी नानांना घरी न्या म्हटलं, पण ते म्हणतात तिला तिथलं ऊन मानवलंय. म्हणून अधूनमधून सकाळी येतात, झाडाला पाणी घालतात, आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसतात. तेव्हा तिथं राहून गेलेल्या त्या एका यंत्रामुळे बंगळूरला मिलिंदचा फोन हिरवा होतो. ते तिथून एका बोटानं बंद करता येतं, पण करत नाही, असं त्यानंच मला सांगितलं. हिरवं दिसलं की तो लगेच नानांना फोन लावतो. नाना अण्णांच्या कॉटवर बसून फोन उचलतात, आणि पलीकडून आधी एकच प्रश्न येतो, ‘नाना, जेवलात का?’

नाना न्हाई अजून, आता जाऊन जेवतो, असं काहीतरी सांगतात. मला समोरच्या घरात ऐकू येतं. ज्यांना हा प्रश्न हवा होता ते ऐकायला नाहीत, हे त्या दोघांनाही कळतं. तरी विचारणं आणि सांगणं चालू आहे.

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते राजगुरुनगरला निघाले त्या सकाळी. हातात बॅग, डब्याची पिशवी, आणि बस चुकेल म्हणून माझी घाई. अण्णा पॅसेजमध्ये खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पेपर. माझं दार उघडलं तेव्हा पॅसेज अंधारात होता, म्हणजे ते बराच वेळ हलले नव्हते. मी कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, अण्णा, येते हं, आठ दिवस घराकडे लक्ष असू द्या.

‘बिनघोर जावा, बाई. मी हाय ना.’

मी लिफ्टचं बटण दाबून वाट बघत उभी राहिले. लिफ्ट खालून यायला नेहमीसारखा वेळ लागला. दोघंही आपापल्या जागी स्तब्ध होतो, म्हणून दिवा विझला. मी बॅग हलवायच्या आत अण्णांनी पेपरातून डोकं न काढता हात वर केला, अर्ध्या बोटाचा. दिवा लागला. ‘हजर,’ ते हळूच म्हणाले आणि पान उलटलं. लिफ्टमधल्या बाईनं मला दार बंद करायला सांगितलं.